सात वर्षं झाकून ठेवलेली एमएक्स-५: किल्ली फिरवू, की आधी सगळी सुटी करू?

भंगारप्रेमी

लोकहो, सल्ला हवाय. काकांची मझदा एमएक्स-५ माझ्या दारात आली आहे. १९९१ ची, पहिल्या पिढीतली, १.६ लिटरचं इंजिन, पाच गिअर, पापण्या उघडणारे दिवे (बटण दाबलं की बॉनेटमधून वर येतात ते). काकांनी ती एका संध्याकाळी शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली आणि 'पुढच्या रविवारी बघू' म्हणाले. तो रविवार काही उगवला नाही. आता गुडघ्यांमुळे त्यांना त्या सीटमध्ये उतरता येत नाही. 'घेऊन जा, पण चालव, नुसती पुसत बसू नकोस' या अटीवर मला दिली.

सध्याची अवस्था: बॅटरी मेलेली. टायर बसलेले. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या वॉर्निशसारखा वास. मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या पत्र्यावर रंगाला फोड आलेत. ट्रकवरून आणताना पाऊस लागला, त्याला तीन आठवडे झाले, तरी सीटमागचा गालिचा अजून ओलाच.

माझा अनुभव म्हणजे तेल बदलणं आणि एकदा ब्रेक पॅड. नवी बॅटरी लावून किल्ली फिरवून बघावी असा मोह होतोय. एक मित्र म्हणतो, करायचंच तर शेवटच्या नटापर्यंत सुटी कर आणि नव्याने बांध. काय करू?

एक_स्क्रू_उरलाच

किल्लीला हात लावू नका. बाकीचं रात्री लिहितो.

गंजका_खिळा

आणखी एक माणूस कामातून गेला. अभिनंदन!

तेलकट

मित्राशी सहमत. माझी १९८६ ची पोर्शे ९४४ मी पूर्ण उघडली होती. तीन वर्षं गेली, पण आज त्या गाडीतला एकेक बोल्ट मला नावाने ओळखतो. अर्धवट डागडुजी केली की दर महिन्याला नवं काहीतरी निघतं आणि आपण कायम तिच्या मागे धावत राहतो. जे रबर सात वर्षं सुकलंय ते आज ना उद्या फुटणारच, मग एकदाच काय ते करून टाका.

वंगणसम्राज्ञी

तेलकट, तुमची चिकाटी मान्य, पण नवशिक्याला हा सल्ला देऊ नका हो. जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळून बघा. 'सगळे भाग आहेत, फक्त जोडायची बाकी' अशी जाहिरात दिसली की समजायचं, एका माणसाने उत्साहात सगळं उघडलं आणि आठव्या खोक्याशी त्याचा दम संपला. तोडणं दोन शनिवारांचं काम. जोडताना आठवत नाही की हा कंस कुठला आणि हा लांब बोल्ट पाण्याच्या पंपाचा की अल्टरनेटरचा.

भंगारप्रेमी, तुमची गाडी लावली तेव्हा चालत होती ना? मग ती बिघडलेली नाही, झोपलेली आहे. आधी सुरक्षितपणे जागी करा, मग थांबवता येते का ते बघा, मग चालवा. त्यानंतर एका वेळी एकच काम उघडायचं, आणि ते बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. माझी एमजीबी गेली नऊ वर्षं अशीच चालली आहे. अजून 'पूर्ण' झालेली नाही, पण दर रविवारी रस्त्यावर असते.

तेलकट

दर रविवारी रस्त्यावर असते की रस्त्याच्या कडेला? ;) हलके घ्या.

वंगणसम्राज्ञी

दोनदा कडेला होती. दोन्ही वेळा वीस मिनिटांत निघाले. तुमची तीन वर्षं कुठे होती?

तेलकट

_/\_

एक_स्क्रू_उरलाच

आलो. आता सविस्तर.

किल्ली का नाही? सात वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल ओघळून खाली गेलंय. पिस्टनच्या रिंगांजवळ बारीक गंज धरलेला असू शकतो. स्टार्टरने एकदम फिरवलं तर ते सगळं कोरडं घासणार. शिवाय टाकीतलं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. हलका भाग उडून गेला, उरला तो चिकट राळेसारखा द्रव. तो इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत गेला की मग इंजेक्टर काढून साफ करत बसा.

म्हणून आधी चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्रँकच्या (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) पुलीच्या मधल्या बोल्टाला २१ मिमीचा सॉकेट लावा आणि हाताने, घड्याळाच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. इथे घाई नको. अडलं तर जोर लावायचा नाही, आणखी तेल सोडायचं आणि आणखी एक दिवस जाऊ द्यायचा. मोकळं फिरलं की जो निःश्वास सुटतो तो अनुभवा.

जुनं तेल आणि फिल्टर बदला. मग बॅटरी लावा, पण प्लग बाहेरच ठेवा, इंजेक्टरची आणि कॉइलची जोडणी काढा, आणि स्टार्टर दहा दहा सेकंद फिरवा. डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा हलायला हवा. तुमच्या सालच्या गाडीत तो काटा खरा आहे. १९९५ पासून पुढच्या गाड्यांत तो निव्वळ दिखाऊ झाला: प्रेशर आहे किंवा नाही, एवढंच सांगतो आणि मध्यावर उभा राहतो.

पेट्रोल काढायचं तर इंजिनच्या कप्प्यात 'डायग्नोसिस' लिहिलेला छोटा काळा डबा आहे. त्यातले एफ/पी (पेट्रोल पंप) आणि जीएनडी (अर्थिंग) हे दोन खण वायरने जोडून किल्ली 'ऑन' वर ठेवली की पंप चालू होतो. इंजिनाकडे जाणारी पेट्रोलची नळी काढून तिचं तोंड रिकाम्या कॅनमध्ये सोडा, टाकी रिकामी होईल. हे उघड्यावर करा, जवळ अग्निशामक ठेवा, आणि वायर आधी जोडून किल्ली नंतर फिरवा, म्हणजे पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडणार नाही. मग फिल्टर नवा, पेट्रोल नवं.

पाचर

वा! हे कुठेतरी जपून ठेवतो. माझ्याकडे अशी गाडी नाही आणि येण्याची शक्यताही नाही, पण तरी.

गंजका_खिळा

सगळे इंजिनाच्या मागे लागलेत, ओल्या गालिच्याबद्दल कोणी बोलेचना. भंगारप्रेमी, तुमचा खरा शत्रू तिथे बसलाय.

या गाडीच्या कापडी छतावरून येणारं पाणी मागच्या पन्हळीत उतरतं, तिथून सीटबेल्टच्या खांबांमागच्या दोन छिद्रांतून नळीवाटे खाली, आणि मागच्या चाकांच्या पुढे जमिनीवर. त्या नळ्यांत पाला, माती, छताच्या कापडाचे धागे अडकतात. मग पाणी तुंबून एकतर गालिच्यावर येतं नाहीतर दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं. तो पत्रा मग आतून सडतो. तुमचे फोड नेमके तिथेच आलेत, बघा.

आज घरी गेलात की एक तांब्या पाणी त्या छिद्रात सोडा आणि गाडीखाली बघा. धार लागली तर ठीक. थेंब थेंब आलं तर गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घालून नळी मोकळी करा. तार घालू नका, खाली रबरी झडप असते, ती फाटते.

भंगारप्रेमी

खिळेभाऊ, दंडवत घ्या. डावीकडून धार आली. उजवीकडे तांब्या ओतला तो ओतलाच, खाली काही नाही, आणि दोन मिनिटांनी सीटमागे बुडबुड आवाज. दोरी घातली तर आधी काळा चिखल, मग पाइनच्या सुया, आणि शेवटी एका आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा. शाळेत असताना काकांच्या मागे उभा राहून मीच तिथे काय काय कोंबत असे, ते आठवलं.

फोडांवर स्क्रूड्रायव्हर टोचून बघू का?

गंजका_खिळा

टोचा, पण मन घट्ट करून. बोथट टोकाने दाबा. कडक लागलं तर वरवरचा गंज आहे: घासा, गंज बदलणारं रसायन लावा, प्रायमर मारा. कुरकुरत आत गेलं तर पत्रा संपलाय, आणि तो कापून नवा तुकडा वेल्ड करण्यावाचून गत्यंतर नाही. त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारणारे महाभाग असतात. माझ्या आधीच्या मालकाने मारली होती. मी ती उकरली तेव्हा आतून वर्तमानपत्र निघालं. निदान तारीख तरी कळली!

एक_स्क्रू_उरलाच

वेल्डिंगचा विषय निघालाच आहे तर एक जीवावरची गोष्ट. ज्या पत्र्यावर वेल्ड करायचं तो क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसू नका. तापल्यावर त्यातून फॉसजीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात तो शस्त्र म्हणून वापरला होता. डब्यावर घटक वाचा. बॅटरी आणि आजूबाजूचा गालिचाही आधी काढायचा.

घरातली_शांतता

मी या गोटातली नाही, एका गोटातल्याची बायको आहे. तुमच्या धाग्यात दुसरी बाजूही यावी म्हणून लिहिते. गेल्या वर्षी आमच्या भांडी धुण्याच्या मशीनमध्ये इंजिनाचं झाकण धुतलं गेलं. मी घरात नव्हते. ते बाहेर आलं ते काळपट करड्या रंगाचं, आणि पुढचे तीन दिवस आमच्या ग्लासांना ग्रीसचा वास. वर हे म्हणतात, 'साबण जास्त तीव्र होता.'

वंगणसम्राज्ञी

ताई, त्यांचं रसायनशास्त्र बरोबर आहे. त्या साबणात अल्कली असतात, त्याने ॲल्युमिनियम काळवंडतं. बाकी सगळं चूक आहे.

पाचर

अवांतर: हे उघडझाप करणारे दिवे हल्लीच्या गाड्यांत का नसतात? लहानपणी सगळ्यात आवडायचे.

तेलकट

पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेटवर काही टोकदार उभं राहू नये असे नियम आले, आणि दरम्यान चपटे पण तीव्र दिवे बनवता यायला लागले. कारखान्यातून निघालेल्या शेवटच्या गाड्यांपैकी लोटस एस्प्री आणि कॉर्व्हेट सी५, दोन्ही २००४ मध्ये संपल्या. सुरुवात मात्र फार जुनी. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये डॅशबोर्डवरची हँडलं हाताने फिरवून दिवे वर आणावे लागत. आणि १९६२ च्या लोटस एलानमध्ये इंजिनाच्या निर्वाताने दिवे उचलले जायचे. निर्वात गळला की दिवे मावळायला लागत, चालू रस्त्यात.

गंजका_खिळा

डोळा मारणारी गाडी म्हणतात ती हीच.

भंगारप्रेमी

विषयावर येतो. प्लग काढले, तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. आज पुली हाताने फिरवली. पहिल्या पाव फेऱ्यात 'कर्र' असा बारीक आवाज, मग मोकळी. मी अंगणात एकटाच हसत उभा होतो.

पण आता नवी भीती. कुठेतरी वाचलं की सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचं टोक आखूड होतं आणि ते झिजतं. माझी १९९१ ची, म्हणजे नेमकी सीमेवरची. कसं ओळखायचं?

वंगणसम्राज्ञी

पुलीच्या मधल्या बोल्टाभोवती ज्या खाचा दिसतात त्या मोजा. चार असतील तर आखूड टोक, आठ असतील तर लांब. १९९१ मध्येच बदल झाला, त्यामुळे सालावरून सांगता येत नाही, खाचाच मोजाव्या लागतात.

चार निघाल्या म्हणून हातपाय गाळू नका. अशी कितीतरी इंजिनं नीट चालतात. घोटाळा होतो तो मधला बोल्ट पूर्वी कोणी काढून नीट घट्ट केला नसेल तर. मग पुली लटपटते, तिला क्रँकवर जागेवर धरणारी लोखंडी पाचर आणि त्या पाचरीची खाच झिजते आणि इंजिनाचं टायमिंग हळूहळू घसरतं. इंजिन चालू झाल्यावर फोन समोर धरून पुलीचा व्हिडिओ घ्या. डगमगताना दिसली तर लगेच बंद करा.

भंगारप्रेमी

चार. :(

तेलकट

टायमिंगचा पट्टा (क्रँक आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा रबरी पट्टा) मात्र सुरू करण्याआधीच बदला, सांगून ठेवतो. रबर वयानेही मरतं, नुसतं किलोमीटरने नाही. माझ्या ९४४ मध्ये पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, मग हेड उतरवा.

वंगणसम्राज्ञी

९४४ चं खरं आहे, पण या १.६ मध्ये पट्टा तुटला तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडत नाहीत. गाडी जागच्या जागी बंद पडेल, बस. त्यामुळे अंगणात सुरू करून बघायला जुना पट्टा चालेल. रस्त्यावर न्यायच्या आधी बदला, इथे मी तुमच्याशी सहमत आहे. आणि बदलाल तेव्हा पाण्याचा पंप, टेन्शनर आणि पुढची ऑइल सीलं त्याच वेळी. पट्टा काढल्याशिवाय पंप निघत नाही, त्यामुळे पंप गळला तर तेच काम पुन्हा.

रेडिएटरही बघा. वरची प्लॅस्टिकची टाकी मुळात काळी असते. ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर प्लॅस्टिक ठिसूळ झालंय, दिवस मोजायचे.

एक_स्क्रू_उरलाच

इंजिन सुरू होण्याचा आनंद एवढा असतो की लोक ब्रेक विसरतात. मी विसरलो होतो. माझी पहिली जुनी गाडी सुरू झाली तशी मी पहिला गिअर टाकून फाटकापर्यंत नेली आणि पेडल थेट पायाखालच्या चटईला टेकलं. हँडब्रेक ओढला, त्याची केबल गंजलेली, तीही आली नाही. फाटकाने थांबवलं. फाटक मी आधी दुरुस्त केलं, गाडी नंतर.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३०° से. असतो, पाणी शोषल्यावर तो १५५° च्या आसपास येतो. उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफ होते आणि पाय खाली जातो. म्हणून सगळं जुनं ऑइल बाहेर काढा, चारही चाकांतून हवा काढा, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. रबरी नळ्या बदलाच. त्या आतून सुजतात, दाब जाताना जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक धरून राहतो. बाहेरून नळी अगदी ठणठणीत दिसते.

मागच्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) एक गंमत आहे. मागच्या बाजूला १४ मिमीच्या बोल्टाचं झाकण आहे, ते काढलं की आत ४ मिमीची ॲलन की बसते. पॅड डिस्कला टेकेपर्यंत फिरवायची आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. बरेच जण हे न करता हँडब्रेकची केबलच ताणत बसतात. कळत नाही मग गाडी का धरत नाही.

आणि हे सगळं करताना गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूवर. नुसत्या जॅकवर गाडी असताना डोकं खाली घालायचं नाही. 'दोनच मिनिटं' असं म्हणूनही नाही.

गंजका_खिळा

+१००. टायरची तारीखही बघा. टायरच्या बाजूवर 'DOT' अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी बाजूच्या भिंतीला बारीक भेगा असतील तर टायर बाद. तीनच आकडे दिसले तर तो २००० च्या आधीचा. तो फ्रेम करून भिंतीवर लावा.

पाचर

गाडी सुरू झाली का? रोज येऊन बघतोय. माझ्या स्वतःच्या गाडीची सर्व्हिसिंग तीन महिने लांबलीय.

भंगारप्रेमी

सव्वादोन महिन्यांनी येतोय, उशीर झाला. काय काय झालं ते सांगतो.

सुरू झाली! तिसऱ्या प्रयत्नात. आधी निळा धूर (तुम्ही सोडायला लावलेलं तेल), मग पांढरा, मग काही नाही. वरून टकटक आवाज येत होता, मी घाबरून बंद केली. तो हायड्रॉलिक लिफ्टरचा (तेलाच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्हजवळचे छोटे भाग) निघाला. पंधरा मिनिटं गरम होऊ दिल्यावर बराच कमी झाला, तेल दुसऱ्यांदा बदलल्यावर आता फक्त थंडीत सकाळी दोन मिनिटं येतो. पुलीचा व्हिडिओ दहा वेळा पाहिला. सरळ फिरतेय. मधल्या बोल्टाला मी हात लावलेला नाही आणि कोणी लावू नये अशी चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवली आहे.

क्लच मात्र अडकला होता. पेडल दाबलं तरी गिअर पडेना. वाटलं तबकडी गंजून फ्लायव्हीलला चिकटली. गाडीखाली गेलो तर क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर फाटून सगळं ऑइल गिअरबॉक्सवर. दोन बोल्ट आणि एक नळी, दीड तासात बदललं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी येतं असं वाटलं.

पत्रा: डावीकडे कडक, उजवीकडे (जिकडची नळी तुंबली होती) स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. वेल्डिंग मला येत नाही, ते एका येणाऱ्याकडून करून घेतलं, आतून मेण फवारलं. पट्टा, पंप, सीलं, रेडिएटर, ब्रेकच्या नळ्या, टायर, सगळं एकेक करून. वंगणताई, एका वेळी एकच काम हा नियम मी एकदाच मोडला, आणि त्या शनिवारी अंगणात गाडी चार घोड्यांवर आणि मी दहाचा पाना शोधत रात्री अकरापर्यंत.

काल काकांना बोलावलं. ते आत बसू शकत नाहीत म्हणून समोर खुर्ची टाकून दिली. मी दिव्यांचं बटण दाबलं. डावा वर आला, उजवा आलाच नाही. काका काही न बोलता उठले, बॉनेट उघडायला लावलं, आत न बघता हात घातला, मोटरच्या टोकाची रबरी टोपी काढली आणि खालची खुंटी बोटांनी फिरवत दिवा वर आणला. म्हणाले, 'हाच दुरुस्त करायचा होता त्या रविवारी.'

घरातली_शांतता

हे वाचून मी यांना झाकणाबद्दल माफ केलं. ग्लासांबद्दल नाही.

तेलकट

वा. पण त्या मोटरच्या आत काहीतरी झिजलं असणार, दोन्ही एकदमच उघडा. आणि आता तरी हळूहळू पूर्ण—

वंगणसम्राज्ञी

तेलकट, नाही.

भंगारप्रेमी

:D मोटर पुढच्या शनिवारी. त्याआधी ड्रायव्हरच्या दाराची काच फार सावकाश वर जाते, मध्येच अडखळते. दाराचं आतलं पॅनल काढावं लागेल ना? काही खास काळजी?

एक_स्क्रू_उरलाच

काढण्याआधी क्लिपा मोजा. लावताना पुन्हा मोजा. माझं नाव असं का आहे ते तेव्हा कळेल.